कानातली शिट्टी
रात्री साडेअकराला उठून मी फ्रिजचा प्लग काढला. आवाज थांबेना. मग टीव्हीचा काढला, मोबाईलचा चार्जर काढला. शेवटी कानांत बोटं घातली, तर शिट्टी आणखी मोठी! वाजत होते ते माझेच कान.

तुमचंही असं होत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, पण जाण्याआधी थोडं लिहून ठेवा. आवाज एका कानात की दोन्ही? शिट्टीसारखा, की घुमणारा? सोबत चक्कर येते का? चालू गोळ्यांची नावंही लिहा. ॲस्पिरिनच्या मोठ्या डोसनेही कान वाजतात, मात्र डॉक्टरांनी दिलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धपधपत असेल तर तसं स्पष्ट सांगा. त्याच्या तपासण्या वेगळ्या असतात. आणि ऐकू येणंच अचानक कमी झालं असेल तर लिहीत बसू नका, त्याच दिवशी जा. उशीर झाला की उपचाराचा उपयोग घटत जातो.

माझ्या कानात मळ साचलेला असावा अशी मला फार आशा होती. काढला की सुटले! तो नव्हता. मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी. बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं, बारीक सूर ऐकू आला की बटण दाबायचं. 4000 हर्ट्झच्या उंच सुरापाशी मला कळेचना, सूर मशीनचा की माझा. आलेख नेमका तिथेच खाली घसरला होता. कारखान्यात वर्षानुवर्षं उघड्या कानांनी उभी राहिले, त्याची पावती.

गोळीने हा आवाज जात नाही. गिंको या वनस्पतीच्या गोळ्यांच्या डब्यांवर मी पैसे घालवले, तुम्ही घालवू नका. श्रवणयंत्राची लाज वाटून सहा महिनेही घालवले. ते लावल्यावर बाहेरचं नीट ऐकू यायला लागलं तशी शिट्टी मागे पडली. इयरप्लग फक्त गोंगाटात घाला. दिवसभर घातले तर आतलंच जास्त ऐकू येतं. रात्री पंखा किंवा पावसाचं रेकॉर्डिंग लावा, शिट्टीपेक्षा किंचित हळू. ती बुडवायची नाही, तिला सोबत द्यायची. तरीही झोप उडत असेल, जीव घाबरत असेल तर सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी बोलण्याची उपचारपद्धत) करणारा समुपदेशक शोधा. आवाज तेवढाच राहतो, त्याचा जाच कमी होतो. मला आठ-दहा बैठका लागल्या.

फ्रिजचा प्लग आता लावलेलाच असतो. त्याची घरघर झोपायला बरी पडते.