लकव्यानंतर हाताला करंट लावताना: मनगट आणि बोटं उघडण्यासाठी

लकव्यानंतर बऱ्याच जणांची मूठ वळायला लागते, पण उघडत नाही. बोटं आत ओढणारे स्नायू जोर धरतात. मनगट वर उचलणारे आणि बोटं सरळ करणारे मागे पडतात. करंट (मशीनच्या चिकट पॅडमधून त्वचेवर दिलेला विजेचा हलका प्रवाह) द्यायचा तो या मागे पडलेल्यांना, म्हणजे कोपर ते मनगट या भागात हाताच्या मागच्या बाजूला. तळहाताच्या बाजूने पॅड लावले तर मूठ आणखी आवळेल.

आधी कोणाला लावायचं नाही ते. पेसमेकर किंवा छातीत बसवलेलं शॉक देणारं यंत्र असेल, फिट्स आटोक्यात नसतील, त्या हातात रक्ताची गुठळी असल्याची शंका असेल, पॅडच्या जागी जखम किंवा कॅन्सरची गाठ असेल, तर लावू नका. गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. हाडात प्लेट-स्क्रू असतील तर फिजिओथेरपिस्टला आधी सांगा. मानेच्या पुढच्या बाजूला किंवा छातीवर पॅड कधीच नाही. पहिली बैठक आणि सेटिंग फिजिओथेरपिस्टकडूनच करून घ्या.

मशीन एनएमईएस किंवा ईएमएस प्रकारचं, म्हणजे करंटने स्नायू आवळायला लावणारं हवं. दुखण्यावर वापरतात ते साधं टेन्स सतत मुंग्या देत राहतं. त्यात स्नायू आवळणं आणि सोडणं हे चक्र नसतं. लांब लहरींचा गॅल्व्हॅनिक करंट नस तुटलेल्या स्नायूसाठी असतो. लकव्यात बिघाड मेंदूत असतो, हाताची नस शाबूत असते, त्यामुळे छोट्या लहरी पुरतात. सुरुवातीला फ्रिक्वेन्सी 35 हर्ट्झ, लहरीची रुंदी 250 ते 300 मायक्रोसेकंद, करंट हळूहळू चढायला 2 सेकंद, चालू 5 सेकंद, बंद 15 सेकंद. फ्रिक्वेन्सी 50 च्या वर नेली तर स्नायू जोरात आवळतो, पण लवकर थकतो.

खरं कसब पॅड बसवण्यात आहे. 5 बाय 5 सेंटिमीटरचे दोन पॅड घ्या. हात उशीवर, कोपर वाकलेलं, तळवा खाली. कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाड टोचतं, तिथून दोन-तीन बोटं मनगटाकडे सरका. तिथे मागच्या बाजूला मांसल भाग असतो, पहिला पॅड त्यावर. जागा सापडत नसेल तर आधी चांगल्या हातावर शोधा: पेशंटला तो पंजा वर उचलायला सांगा आणि आपल्या बोटांखाली कुठे फुगतं ते बघा. दुसरा पॅड त्याच रेषेत, मनगटाच्या चार बोटं वर. केस दाट असतील तर कात्रीने कापा. वस्तरा फिरवून लगेच पॅड लावला तर त्वचा चुरचुरते.

करंट शून्यापासून वाढवा. आधी मुंग्या, मग बोटांची किंचित हालचाल, मग पंजा उचलून बोटं उघडणं. तिथे थांबा. मशीनच्या आकड्याकडे बघू नका, हाताकडे बघा. कालचा आकडा आज लागू पडेलच असं नाही. पंजा अंगठ्याच्या बाजूला तिरपा उचलला जात असेल तर वरचा, कोपराजवळचा पॅड एक सेंटिमीटर करंगळीच्या बाजूला घ्या. कोपर वाकत असेल तर पॅड फार पुढे, अंगठ्याकडच्या मोठ्या स्नायूवर गेलाय. बोटं उघडतात पण मनगट पडलेलंच असेल तर उलट, पॅड थोडा अंगठ्याकडे आणा. काहीच जमत नसेल तर दोन्ही वायरींची अदलाबदल करून बघा, कधी कधी तेवढ्यानेच काम होतं. सुईसारखं टोचत असेल तर बहुधा पॅड सुकलाय किंवा कडा उचलल्या आहेत. करंटबरोबर मूठ उलट घट्ट होत असेल तर आधी दोन-तीन मिनिटं बोटं सावकाश ताणून सैल करा आणि चढण्याचा वेळ 3 सेकंद करा. तरीही आवळतच असेल तर न्यूरोलॉजिस्टना दाखवा.

आता सगळ्यात जास्त सुटणारी गोष्ट. टीव्ही बघत पडून घेतलेल्या करंटचा फायदा फार थोडा. प्रत्येक वेळी करंट चढू लागला की पेशंटने स्वतः बोटं उघडायचा प्रयत्न करायचा, नजर हातावर ठेवून. बरोबर बसणाऱ्याने “उघडा” म्हणावं. 5 आणि 15 सेकंदांच्या हिशोबाने 10 मिनिटांत 30 प्रयत्न होतात, सुरुवातीला तेवढेच. झेपेल तसं 20 ते 30 मिनिटांपर्यंत न्या, आठवड्यातून पाच दिवस, सहा ते आठ आठवडे. मधेच उघडणं कमी झालं तर स्नायू थकलाय: करंट वाढवू नका, बैठक संपवा.

थोडं जमू लागलं की रिकामा प्लास्टिकचा ग्लास समोर ठेवा. करंट चालू: बोटं उघडतात, हात ग्लासभोवती न्या. करंट बंद: मूठ आपोआप मिटते, ग्लास उचला, बाजूला सरकवा. पुढचा करंट आला की सोडा. स्टीलचा पेला जड आणि निसटता असतो, तो नंतर. आठवड्यातून एकदा मशीन न लावता तपासा की स्वतःहून किती बोटं किती उघडतात, आणि लिहून ठेवा. ज्यांना आधीपासून किंचित तरी हालचाल करता येते, त्यांच्यात फरक लवकर दिसतो. आठ आठवड्यांनीही वहीत काहीच बदल नसेल तर तेच रेटत न बसता फिजिओथेरपिस्टशी बोलून बेत बदला.

खांदा खाली सरकलेला असेल तर त्यासाठी पॅडची जागा वेगळी, ती घरी अंदाजाने करू नये.

लकव्याच्या हाताला बऱ्याचदा स्पर्श नीट कळत नाही, त्यामुळे भाजलं तरी पेशंट बोलणार नाही. बैठकीनंतर पॅडखालची त्वचा बघा. हलकी लाली तासाभरात जाते. फोड आला किंवा लाली दुसऱ्या दिवशीही राहिली तर थांबा. पॅड वायर ओढून काढू नका, कडेने सोलून काढा, प्लास्टिकच्या कागदावर परत चिकटवा. सुकला तर बोटाने पाण्याचा एक थेंब पसरवा. तरीही चिकटत नसेल तर नवा आणा. टेप लावून चालवला तर करंट एकाच कोपऱ्यात गोळा होऊन चटका बसतो.