‘मला घरी जायचंय’ सुरू होण्याआधी: डिमेन्शियातल्या बदलत्या वागण्याची तयारी कशी करावी

डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, निदान झालंय, डॉक्टर ठरलेत, गोळ्यांचा आठवड्याचा डबा भरलेला आहे असं धरून चालते. मी लिहितेय ते त्यानंतरचं. माणूस नुसता विसरत नाही, वेगळा वागायला लागतो, त्याची तयारी. सासूबाईंची (आम्ही त्यांना आईच म्हणायचो) आठ वर्षं आणि नंतर माझ्या वडिलांची चार, एवढ्यावरून बोलतेय. “प्रेमानं समजावून सांगा” हा सल्ला ज्यानं कुणी पहिल्यांदा दिला, त्यानं एकदा तरी संध्याकाळी सहा ते आठ आमच्या घरी बसायला हवं होतं.

“आमच्या आई शांत स्वभावाच्या आहेत, तसं काही होणार नाही” हे आधी डोक्यातून काढा. ज्यांच्या नावानं अल्झायमरचा आजार ओळखला जातो त्या डॉक्टर आलॉइस अल्झायमर यांच्या पहिल्या गाजलेल्या रुग्ण आउगुस्ट डेटर १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आल्या तेव्हा ५१ वर्षांच्या होत्या. घरच्यांना पहिल्यांदा खटकला तो त्यांचा विसराळूपणा नव्हे, नवऱ्यावरचा संशय.

वही घाला

चार रकाने: वेळ, त्याआधी काय झालं, काय केलं, कशानं थांबलं. दोन आठवडे लिहा. आमच्या वहीत दहाव्या दिवशी दिसलं की आंघोळीवरून भांडण होतं ते शनिवारीच. शनिवारी मी आईंचे केस धुवायची. अंगावरच्या पाण्याला त्यांची हरकत नव्हती, डोक्यावरून तांब्या ओतला की घाबरायच्या. केस वेगळ्या वेळी ओल्या पंच्यानं पुसायला लागले, भांडण मिटलं.

अचानक बदल झाला तर वही बाजूला, डॉक्टर आधी

एक-दोन दिवसांत माणूस एकदम बिथरला किंवा एकदम गुंगल्यासारखा झाला तर “आजार वाढला” म्हणून बसू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं, सांगता न येणारं दुखणं, नवी गोळी, बहुतेकदा यातलं काहीतरी असतं. सर्दीची साधी क्लोरफेनिरामिनची गोळीसुद्धा माणूस बिथरायला पुरते. त्याच दिवशी दाखवा, लघवी तपासायला सांगा.

संध्याकाळ

इथं माझे पहिले सात-आठ महिने वाया गेले, म्हणून सविस्तर सांगते.

पाच वाजून गेले की आई उठायच्या, पदर खोचायच्या, पिशवीत टॉवेल आणि पंचांग टाकायच्या आणि दाराशी उभ्या. “निघते मी. घरी जायचंय.” आम्ही डोंबिवलीच्या त्या फ्लॅटमध्ये बावीस वर्षं राहत होतो. मी शहाणपणा केला आणि त्यांच्या नावाचं विजेचं बिल पुढे धरलं. त्यांनी ते नीट वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाल्या, “तुमचं बिल तुम्ही ठेवा. मला उशीर होतोय.”

पुरावा दाखवू नका. कधीच नाही. तुम्ही जिंकलात तरी त्यांच्या हाती एवढंच लागतं, की इथले लोक आपल्याला अडवतायत.

दुसरा सल्ला मिळाला होता, “खाली एक चक्कर मारून परत आणा.” काही घरांत चालतो म्हणतात. मी रिक्षात बसवून बाजारापर्यंत नेऊन आणलं. परत आल्यावर त्या इमारतीत पाऊल टाकेनात, दोन तास वॉचमनच्या खुर्चीत बसून राहिल्या. थकलेल्या माणसाला अंधार पडताना बाहेर काढण्यात अर्थ नाही, एवढं मला त्या दिवशी कळलं.

मग एकदा वैतागून विचारलं, “घरी काय काम आहे एवढं?” उत्तर तयार होतं. “देवापाशी दिवा कोण लावेल?” इतके महिने मी पत्त्यावर वाद घालत होते आणि त्यांना चिंता होती ती राहिलेल्या कामाची. तुमच्या माणसाचं काम वेगळं असेल. माझ्या वडिलांना पाच चाळीसची लोकल गाठायची असायची. ते काम कोणतं हे शोधा, आणि हा प्रश्न दुपारी, डोकं ताळ्यावर असताना विचारा.

त्यानंतर संध्याकाळ दुपारपासूनच मांडायला लागले. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली. साडेचारला चहा आणि पोटभर खाणं, नुसतं बिस्किट नव्हे. भूक लागली हे त्यांना सांगता येत नाही, त्याची चिडचिड होते. दिवे अंधार पडायच्या आधी लावायचे, सगळे, आणि पडदे ओढायचे, कारण बाहेर काळोख झाला की खिडकीच्या काचेत ‘कोणीतरी बाई’ दिसायची. टीव्हीवरच्या बातम्या बंद. तिथला आरडाओरडा त्यांना घरातलाच वाटायचा.

आणि पाचच्या ठोक्याला, त्या उठायच्या आत, हातात कापूस. फुलवाती वळायला. आधी मी बॅटरीचा दिवा आणला होता, तर म्हणाल्या, “याला वात कुठाय?” खरी समई लांबून मी लावायची, पदर आणि ज्योत यांत मला धोका पत्करायचा नव्हता. पण वाती त्यांच्या. दार विसरलं जायचं. एखाद्या दिवशी नाहीच विसरलं, तर “दिवा झाला, आता जेवून घेऊ” एवढंच. “हेच तुमचं घर” हे वाक्य आम्ही घरात बंद केलं.

उरलेलं, झटपट

दाराला जादा कडी खाली, नजरेच्या बाहेर. पण माणसाला आत कोंडून बाहेर जायचं नाही. वॉचमन, वाणी आणि रिक्षा स्टँडवर फोटो आणि फोन नंबर आधीच द्या, लाज वाटून घेऊ नका.

चोरीचा आळ कामवाल्या मावशींवर येणारच. त्यांना आधी सांगून ठेवा, दागिने बँकेत ठेवा आणि जी पर्स सारखी हरवते तशीच दुसरी आणून ठेवा.

शांत ठेवायची गोळी मागायची घाई करू नका. डिमेन्शिया झालेल्या वृद्धांत यांतल्या अँटिसायकोटिक गटाच्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ सालीच दिला. ‘लुई बॉडी’ नावाच्या डिमेन्शियाच्या प्रकारात तर हॅलोपेरिडॉलसारखी गोळी फार महागात पडू शकते. कधीकधी लागते, नाही असं नाही. किती दिवस आणि बंद केव्हा, हे पहिल्याच दिवशी विचारा.

कागदपत्रं समज शाबूत आहे तोवर. मुखत्यारपत्र केलंय म्हणून निर्धास्त राहू नका. देणाऱ्याची समज गेली की आपल्याकडे ते संपतं. जोडखातं, नॉमिनेशन, मृत्युपत्र उरकून घ्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली उपचारांसाठी प्रतिनिधी नेमता येतो, तेही करा. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

दर तीन महिन्यांनी वही पुन्हा उघडा

जमलेली युक्ती कायम पुरत नाही. आमच्या वाती सोळा महिने चालल्या. मग एके संध्याकाळी आईंनी कापूस तोंडात घातला. दुसऱ्या दिवशी कापूस उचलून ठेवला आणि बारा नॅपकिन पुढ्यात ठेवले. त्या घड्या घालायच्या. मी गठ्ठा आत नेऊन मोडायची आणि “हे राहिले बघा” म्हणून परत आणून ठेवायची.