मुलांच्या शैक्षणिक कार्यक्रमांत यायचंय? आधी मुलांना टीव्ही बघताना बघा

कॅमेऱ्यासमोर बोलायला सरावाने जमतं. या कामात येणाऱ्यांना मी आधी सांगते ते वेगळंच: चार-पाच वर्षांची काही मुलं बसवा, कार्यक्रम लावा आणि तुम्ही पडद्याकडे पाठ करून मुलांकडे बघा. कोण कधी उठलं, कुठे सगळी पुढे सरकली, हे वेळेसकट वहीत लिहा. संहिता कुठे सैल पडली ते त्या नोंदींतच सापडतं.

ही पद्धत जुनी आहे. १९६९मध्ये 'सेसमी स्ट्रीट' हा माणसं आणि बाहुल्यांचा अमेरिकी मुलांचा कार्यक्रम सुरू होण्याआधी त्याचे संशोधक एडवर्ड पामर टीव्हीशेजारी दुसऱ्या पडद्यावर दर ७.५ सेकंदांनी नवी स्लाइड दाखवायचे आणि मुलाची नजर टीव्हीवरून कधी हलते ते टिपायचे. चाचणीत दिसलं की कार्यक्रमातल्या रस्त्याच्या दृश्यांत नुसती माणसं असली की मुलांचं लक्ष उडतं. बाहुल्या आणि माणसं एकत्र आणू नका, असा मानसशास्त्रज्ञांचा सल्ला होता. निर्मात्यांनी तो बाजूला ठेवला आणि माणसांमध्ये वावरणारा भलामोठा पक्षी, बिग बर्ड, जन्माला आला. तज्ज्ञांचं ऐकावंच, पण शेवटचा कौल मुलांचा.

निवेदकाला सगळ्यात अवघड जातं ते गप्प राहणं. प्रश्न विचारल्यावर स्टुडिओतली शांतता अंगावर येते, पण घरी बसलेल्या मुलाला उत्तर द्यायला तेवढा वेळ हवाच असतो. १९९६मध्ये आलेल्या 'ब्लूज क्लूज'ने या थांब्यावरच कार्यक्रम उभा केला आणि एकच भाग सलग पाच दिवस दाखवला. पुन्हा बघताना मुलं जास्त भाग घेतात, हे त्यामागचं गणित. लेन्सकडे बघताना समोर गर्दी नाही, एकच मूल आहे, असं धरून बोला.

निर्मितीत पैसे, वेळापत्रक, परवानग्या हे सगळं येतंच, ते हाताखाली काम करता करता अंगवळणी पडतं. जपायचं ते उद्दिष्ट: हा भाग बघून मुलाला काय करता येईल, ते एका वाक्यात लिहा. गंमत त्या वाक्यातूनच निघायला हवी. तरंगणं-बुडणं शिकवताना निवेदक पाण्यात घसरून पडला, तर मुलांना पडणंच आठवतं. भलंमोठं कलिंगड तरंगलं आणि एवढंसं नाणं बुडालं, की हसूही येतं आणि प्रश्नही पडतो.

असा प्रयोग मुलांना घेऊन चित्रित करणार असाल, तर रंगीत तालीम त्यांच्याशिवाय करा. त्यांचं खरं आश्चर्य पहिल्याच टेकला मिळतं.