गिअरलेस स्कूटरचा व्हेरिएटर आणि क्लच: घरच्या घरी, कमी खर्चात देखभाल

चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण स्कूटर पळत नाही, सिग्नलवरून निघताना ती थरथरते किंवा अ‍ॅव्हरेज हळूहळू घसरते, अशा वेळी पुष्कळ जण संपूर्ण क्लच बदलून घेतात. प्रत्यक्षात दोष अनेकदा सहा छोट्या रोलरांत किंवा साचलेल्या धुळीत असतो, म्हणून आधी उघडून पाहावे, मोजावे, आणि मगच पैसे खर्च करावेत.

कायनेटिक होंडाने १९८०च्या दशकात आपल्याकडे रुजवलेली ही बेल्ट आणि दोन पुलींची रचना समजायला अवघड नाही. इंजिनाचा वेग वाढला की पुढच्या पुलीतील, म्हणजे व्हेरिएटरमधील, रोलर बाहेर फेकले जातात आणि पुलीची सरकती बाजू दाबतात, त्यामुळे बेल्ट पुढे मोठ्या परिघावर चढतो व मागच्या पुलीत स्प्रिंग दाबत आत उतरतो. मागच्या पुलीला जोडलेले क्लच शू फिरता फिरता बाहेर पसरून बाहेरच्या वाटीसारख्या भागाला, म्हणजे बेलला, पकडतात आणि चाक फिरू लागते. बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलमध्येही हेच तत्त्व असते. फक्त तिथे रोलरांऐवजी वजनदार लिव्हर असतात.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर स्कूटर मेन स्टँडवर लावावी आणि चावी काढून घ्यावी. डाव्या बाजूच्या कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असल्यामुळे पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी टोचून ठेवावा. आतली काळी धूळ तोंडाने फुंकू नये किंवा हवेच्या दाबाने उडवू नये, कारण क्लच शूच्या अस्तराची धूळ फुप्फुसांना घातक असू शकते. मास्क लावून ती ओल्या फडक्यानेच टिपावी.

पुढच्या पुलीचा नट फार घट्ट असतो. पुलीवरच्या पंख्याच्या पात्यांत स्क्रूड्रायव्हर अडकवून तो सोडवण्याचा मोह टाळावा, कारण ती पाती सहज तुटतात. पुली धरण्याचे साधन नसेल तर गॅरेजमध्ये इम्पॅक्ट गनने नट सैल करून घेणे अधिक स्वस्त पडते. मागे बेलचा नट काढून क्लच आणि पुली बेल्टसकट एकत्र बाहेर घ्यावी. क्लचला धरून ठेवणारा मोठा नट मात्र योग्य दाबयंत्राशिवाय खोलू नये, कारण त्याखाली दाबलेली स्प्रिंग जोरात उसळून गंभीर इजा करू शकते.

आता रोलर पाहावेत. गोल रोलरवर सपाट डाग पडला असेल तर तो सुरळीत सरकत नाही, आणि एकच रोलर झिजलेला दिसला तरी सहाही एकदम बदलावेत. जुन्या-नव्या रोलरांचे वजन लहान डिजिटल काट्यावर करून पाहणे उपयुक्त ठरते. रॅम्प प्लेटवरचे, म्हणजे रोलरांमागच्या उतरत्या पाटीवरचे, प्लास्टिकचे तीन स्लायडर सैल झाले असतील तर तेही याच वेळी बदलावेत. बेल्टवर भेगा नाहीत ना हे तो उलटा वाकवून पाहावे, व्हर्निअर कॅलिपरने त्याची रुंदी मोजावी आणि पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावी.

थरथर असल्यास बेलची आतली बाजू आणि शूचे अस्तर गुळगुळीत, चकचकीत झाले आहे का ते पाहावे. तसे असेल तर मध्यम पॉलिश पेपरने हलके घासून ब्रेक क्लीनरने पुसावे. बेल निळसर पडली असेल तर क्लच घसरून तापला आहे असे समजावे. पुलीच्या बेल्ट टेकणाऱ्या बाजूंना आणि बेल्टला ग्रीस वा तेलाचा थेंबही लागता कामा नये. रोलरांना ग्रीस लावायचे की नाही हे कंपनीच्या पुस्तिकेनुसारच ठरवावे.

जोडताना सर्वाधिक चूक बेल्टच्या बाबतीत होते. मागची पुली हातांनी उघडून बेल्ट खोल दाबून बसवावा, म्हणजे पुढे तो ढिला राहतो. ताणलेला राहिला तर पुलीच्या दोन भागांमध्ये चिमटला जातो, नट घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि पहिल्याच फेरीत सैल होतो. बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेकडे ठेवावा आणि नट टॉर्क पान्ह्याने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्ह्याने, पुस्तिकेतील आकड्याएवढाच घट्ट करावा.

ट्यूनिंग करायचेच असेल तर रोलरांपासून सुरुवात करावी. मूळ वजनापेक्षा प्रत्येक रोलर अर्धा ते एक ग्रॅम हलका घेतल्यास इंजिन अधिक वेगात राहते आणि कात्रजसारख्या घाटात दोघांना घेऊन चढताना ओढ सुधारते, मात्र सपाट रस्त्यावर इंजिन जास्त फिरते आणि पेट्रोल अधिक जाते. जड रोलरांचा परिणाम उलट होतो. मागच्या पुलीत कडक स्प्रिंग घातल्यास बेल्ट लवकर तापतो, म्हणून रोज शहरात चालणाऱ्या स्कूटरला मूळ स्प्रिंगच योग्य ठरते. एका वेळी एकच बदल करावा आणि ओळखीच्या त्याच चढावर, तेवढ्याच वजनासह फेरी मारून फरक लिहून ठेवावा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गेल्यावर ओढ अचानक गेली तर लगेच सुटे भाग बदलू नयेत. कव्हरमध्ये पाणी शिरून बेल्ट घसरत असण्याची शक्यता असते, तेव्हा कव्हर काढून सर्व कोरडे करावे आणि मगच पुन्हा तपासावे.