सायकल आणि जिम या दोहोंसाठी हृदयगती मोजणारे मनगटी घड्याळ कसे निवडावे

मनगटावरचे घड्याळ हृदयाचे ठोके थेट टिपत नाही. त्याच्या तळाशी हिरवा प्रकाश सोडणारे एलईडी असतात आणि त्वचेतून परतणारा प्रकाश मोजणारा सेन्सर असतो. रक्तातले हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश भरपूर शोषून घेते. त्यामुळे प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालच्या बारीक वाहिन्यांत रक्त किंचित वाढले की परतणारा प्रकाश किंचित घटतो, आणि या चढउतारांवरून मिनिटाला किती ठोके पडत आहेत याचा हिशेब घड्याळ मांडते. अडचण अशी, की हात हलला, स्नायू आवळला गेला किंवा घड्याळ केसभर सरकले, तरीही परतणारा प्रकाश बदलतो, आणि तो बदल नाडीमुळे होणाऱ्या बदलापेक्षा कितीतरी मोठा असू शकतो. घड्याळातले सॉफ्टवेअर हालचाल मोजणाऱ्या दुसऱ्या सेन्सरच्या मदतीने हा गोंधळ गाळून टाकण्याचा प्रयत्न करते. चांगल्या आणि सुमार घड्याळातला फरक पुष्कळदा या गाळणीत आणि घड्याळ मनगटाला किती नीट चिकटून बसते यात असतो. खोक्यावर छापलेल्या एलईडींच्या संख्येवरून तो कळत नाही.

सायकल आणि जिम ही दोन्ही ठिकाणे या पद्धतीची परीक्षा पाहणारी आहेत, पण कारणे वेगळी आहेत. सायकलवर हात फारसा हलत नाही, म्हणून वरवर पाहता मोजणी सोपी वाटते. 2017 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 60 जणांच्या मनगटांवर सात उपकरणे तपासली, तेव्हा सातांपैकी सहा उपकरणांची हृदयगतीतली चूक 5 टक्क्यांच्या आत राहिली, आणि ही चूक सर्वांत कमी आढळली ती सायकल चालवतानाच. मात्र ती सायकल प्रयोगशाळेत जागच्या जागी उभी होती. रस्त्यावर हँडलमधून येणारी थरथर सतत मनगटापर्यंत पोचते, ब्रेकवर बोटे ठेवताना मनगट मागे वाकलेले राहते, चढावर हँडलची पकड घट्ट होते आणि थंडीत वाऱ्याने त्वचेतला रक्तप्रवाहच मंदावतो. तेव्हा घरातल्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवता येणाऱ्या यंत्रावर, बिनचूक वाटलेले घड्याळ खडबडीत रस्त्यावर भलतेच आकडे दाखवू लागले, तर ते बिघडले आहे असे लगेच मानू नये.

जिममधला प्रश्न याहून अवघड आहे. डेडलिफ्ट, पुल-अप, केटलबेल किंवा रोइंग मशीन यांत मूठ जोरात आवळली जाते, हाताचे स्नायू व कंडरा ताणल्या जातात, त्यामुळे सेन्सरखालच्या ऊतींचा आकार आणि तिथला रक्तप्रवाह दोन्ही बदलतात. पुश-अप किंवा प्लँकमध्ये मनगट मागे वाकल्याने घड्याळाची एक कड उचलली जाते आणि बाहेरचा प्रकाश आत शिरतो. भरीस भर म्हणजे वजनाचा एक सेट अर्ध्याएक मिनिटात संपतो, तर मनगटी सेन्सर आकडा स्थिर करण्यासाठी काही सेकंदांची सरासरी काढत असतो. साहजिकच सेट संपून विश्रांती सुरू झाल्यावर घड्याळावरचा आकडा वर चढताना दिसतो. थोडक्या वेळाच्या तीव्र व्यायामात हा उशीर कोणत्याही मनगटी घड्याळात कमीअधिक प्रमाणात राहतोच.

म्हणून खरेदीला निघण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हे आकडे आपल्याला कशासाठी हवे आहेत? तासदोन तास एका लयीत सायकल चालवायची, आठवड्यातून काही दिवस वजने उचलायची आणि एकंदर श्रमाचा अंदाज ठेवायचा, एवढीच गरज असेल, तर सुस्थितीत बसणारे मध्यम दर्जाचे घड्याळ पुरेसे आहे. पण तीस सेकंदांचे स्प्रिंट मोजून मारायचे असतील, किंवा प्रशिक्षकाने हृदयगतीच्या पट्ट्यांनुसार, म्हणजे झोननुसार, काटेकोर आराखडा दिला असेल, तर कितीही महाग घड्याळ घेतले तरी छातीचा पट्टा लागेलच. तो पट्टा हृदयाचे विद्युत संकेत थेट घेतो, त्यामुळे ठोक्यागणिक अंतर पकडतो. पोलार या फिनलंडमधल्या कंपनीने असे बिनतारी यंत्र 1982 साली बाजारात आणले आणि मनगटी घड्याळांच्या अचूकतेची तुलना अजूनही सहसा छातीच्या पट्ट्याशीच केली जाते. ज्यांना छातीवर पट्टा नकोसा वाटतो त्यांच्यासाठी दंडावर बांधायचा प्रकाशीय सेन्सर हा मधला मार्ग आहे. तत्त्व घड्याळाचेच असते. पण दंडावर मांसल भाग अधिक, मूठ आवळण्याचा परिणाम कमी आणि मनगट वाकण्याचा प्रश्नच नाही. सायकल आणि जिम ही दोन्ही कामे करणाऱ्यांना माझ्या मते घड्याळ आणि दंडावरचा सेन्सर हीच जोडी सर्वांत सोयीची पडते.

यातून निवडीची पहिली कसोटी निघते, आणि गंमत म्हणजे ती घड्याळाच्या सेन्सरविषयी नाहीच: घड्याळाला बाहेरचा हृदयगती-सेन्सर जोडता आला पाहिजे. बहुतेक क्रीडा-घड्याळे ब्लूटूथवरून, तर काही ब्लूटूथ आणि अँट प्लस (क्रीडा-उपकरणांमधली बिनतारी जोडणीची पद्धत) अशा दोन्ही मार्गांनी तो स्वीकारतात. पुष्कळ स्वस्त बँड मात्र केवळ स्वतःच्या सेन्सरवर चालतात आणि त्यांना बाहेरचे काही जोडण्याची सोय नसते. आज छातीचा पट्टा घ्यायचा नसला तरी हा दरवाजा उघडा असावा, कारण वर्षभराने गरज वाढली तर घड्याळ बदलण्यापेक्षा पट्टा जोडणे कधीही परवडते.

दुसरी कसोटी उलट दिशेची आहे. घड्याळाने मोजलेली हृदयगती इतर यंत्रांकडे पाठवता येते का, हे पाहावे. सेटिंगमध्ये हे सहसा हृदयगती प्रसारण किंवा ब्रॉडकास्ट या नावाने असते. सायकलच्या हँडलवर वेगळा कॉम्प्युटर लावणाऱ्यांना ही सोय फार उपयोगी पडते, कारण चालत्या सायकलवर मनगट वळवून आकडा पाहण्यापेक्षा तो समोर दिसणे सुरक्षित असते. घरातल्या ट्रेनरवर ॲप वापरणाऱ्यांनाही तेच हवे असते. अँट प्लसवरून एकाच वेळी अनेक यंत्रे तो आकडा घेऊ शकतात. ब्लूटूथवर मात्र एकावेळी किती यंत्रे जोडता येतील यावर सहसा मर्यादा असते, म्हणून आपल्या सायकल कॉम्प्युटरला यांपैकी कोणती भाषा समजते हे आधी तपासावे. ॲपल वॉचमध्ये अशा प्रसारणासाठी साधारणपणे वेगळे ॲप लागते. दुसरीकडे 2023 मध्ये आलेल्या वॉचओएस 10 या त्याच्या प्रणालीपासून त्याला सायकलचे कॅडेन्स (पेडलच्या फेऱ्या मोजणारे) आणि पॉवर (पेडलवरची शक्ती मोजणारे) सेन्सर मात्र थेट जोडता येतात. जिममधल्या ट्रेडमिल किंवा सायकलींवरही ब्लूटूथची सोय असू शकते. आपण रोज जी यंत्रे वापरतो त्यांच्यावरची चिन्हे एकदा पाहून ठेवली, तर दुकानात विचारायचे नेमके प्रश्न हाताशी राहतात.

आता घड्याळाच्या बैठकीकडे वळू, कारण माझ्या मते खरेदीत सर्वांत कमी लक्ष दिली जाणारी आणि आकड्यांवर सर्वांत जास्त परिणाम करणारी बाब तीच आहे. बारीक मनगटावर मोठे, जड घड्याळ डगमगते. प्रत्येक धक्क्याबरोबर सेन्सर आणि त्वचा यांत फट पडते आणि आकडा भरकटतो. घड्याळाच्या पाठीला सेन्सरचा किंचित फुगवटा असेल तर तो त्वचेत नीट बसतो. पट्टा लवचीक आणि जवळजवळ भोके असलेला असावा, किंवा वेल्क्रोच्या कापडी पट्ट्यासारखा हवा तेवढा आवळता येणारा असावा. दोन भोकांमधले अंतर जास्त असले, की एका भोकावर घड्याळ सैल राहते आणि पुढच्यावर हात सुन्न होतो. धातूच्या कड्यांचा पट्टा दिसायला देखणा असला तरी व्यायामाला निरुपयोगी समजावा. दुकानात घड्याळ घालून मूठ घट्ट आवळून पाहावी, मनगट मागे वाकवून पाहावे आणि हात झटकून पाहावा. तेवढ्यात ते सरकले, तर घामाने ओल्या झालेल्या हातावर काय होईल याचा अंदाज येतो.

ज्यांच्या मनगटावर गडद गोंदण आहे त्यांनी अधिक सावध राहावे, कारण शाई प्रकाश अडवते आणि काही वेळा आकडा येतच नाही. अशा वेळी दुसरे मनगट वापरावे किंवा सरळ दंडावरचा सेन्सर घ्यावा. जिममध्ये मनगटाला आधार देणारे आवरण किंवा वजन उचलण्याचे पट्टे बांधणाऱ्यांनीही हाच विचार करावा. एकाच जागेवर दोघांचा हक्क चालत नाही.

बटणांविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. घामेजलेल्या बोटांना किंवा सायकलच्या हातमोज्यांना केवळ स्पर्शपडदा नीट दाद देत नाही, म्हणून व्यायाम सुरू करणे, थांबवणे आणि लॅप मारणे, म्हणजे एका टप्प्याची वेगळी नोंद करणे, ही तीन कामे बटणांनी करता आली पाहिजेत. पण त्याच बटणांचा एक उपद्रव आहे. हँडलवर हात टेकला किंवा पुश-अपसाठी मनगट वाकले, की तळहाताची मागची बाजू बटणावर दाबली जाते आणि नोंद मध्येच थांबते. घरी परतल्यावर दोन तासांच्या फेरीऐवजी वीस मिनिटांचीच नोंद सापडणे किती चीड आणते, हे मला चांगले ठाऊक आहे. व्यायामादरम्यान बटणे कुलूपबंद करण्याची सोय आहे का, आणि पडदा उलटा फिरवून घड्याळ दुसऱ्या दिशेने किंवा दुसऱ्या हातावर घालता येते का, हे अवश्य विचारावे.

जिमसाठी घड्याळात वजनांच्या व्यायामाचा वेगळा प्रकार असणे उपयोगाचे आहे, पण ते स्वतःहून मोजत असलेल्या रेप्सवर, म्हणजे सेटमधल्या आवर्तनांच्या संख्येवर, फार विसंबू नये; हाताच्या हालचालीवरून होणारी ही मोजणी पायांच्या व्यायामात हमखास चुकते. तिथे खरा लाभ दोन गोष्टींचा आहे: विश्रांतीचा काळ मोजणारा टायमर, आणि सेटनंतर हृदयगती किती लवकर खाली येते याचे निरीक्षण. वजन किती जड होते हे हृदयगती सांगत नाही. श्वास रोखून केलेल्या एका जड उचलीत स्नायूंवरचा ताण प्रचंड असतो, तरी ठोक्यांचा आकडा माफकच राहू शकतो.

कॅलरींच्या आकड्याला तर निवडीत स्थानच देऊ नये. वर उल्लेख केलेल्या स्टॅनफर्डच्या चाचणीत सर्वांत चांगले उपकरणदेखील खर्च झालेल्या ऊर्जेच्या अंदाजात सरासरी 27 टक्के चुकले होते, आणि सर्वांत वाईट 93 टक्के. ईसीजीच्या सोयीबद्दलही एक गैरसमज आढळतो: मनगटी घड्याळातला ईसीजी स्वस्थ बसून, दुसऱ्या हाताचे बोट घड्याळाला लावून घ्यायचा असतो. पेडल मारताना तो चालत नाही आणि व्यायामातली हृदयगती त्यामुळे अधिक अचूक होत नाही.

बॅटरीचा दावा वाचताना तो जीपीएस आणि सततची हृदयगती चालू ठेवून केलेला आहे का, हे पाहावे. सात दिवसांचा दावा साध्या वापराचा असतो, जीपीएस चालू असताना तो तासांवर येतो. पाण्यासाठी पाच एटीएमचे (एटीएम हे पाण्याचा दाब सोसण्याच्या क्षमतेचे माप) मानांकन घाम, पाऊस आणि पोहणे यांना पुरते. नोंद दुसऱ्या ॲपमध्ये नेता येते ना, एवढे विचारून या बाबी संपवता येतात.

घड्याळ घेतल्यावर पहिल्याच दिवशी एक सेटिंग दुरुस्त करावे. पुष्कळ घड्याळे कमाल हृदयगती 220 वजा वय या सूत्राने आपोआप धरतात. 2001 साली मांडले गेलेले दुसरे सूत्र 208 वजा वयाच्या 0.7 पट असे आहे. चाळिसाव्या वर्षी दोन्हींचे उत्तर 180 येते, पण साठाव्या वर्षी पहिले 160 सांगते आणि दुसरे 166. शिवाय कोणत्याही व्यक्तीची खरी कमाल गती सूत्रापेक्षा दहाबारा ठोक्यांनी सहज वेगळी असू शकते, आणि अनेकांना सायकलवर ती धावण्यापेक्षा कमी मिळते. म्हणून सायकलचे झोन वेगळे भरता येणारे घड्याळ श्रेयस्कर. हृदयविकार असलेल्यांनी किंवा हृदयगती कमी करणारी बीटा ब्लॉकरसारखी औषधे घेणाऱ्यांनी मात्र हे आकडे स्वतः न ठरवता डॉक्टरांना विचारूनच भरावेत.

परत करण्याची मुदत संपण्याआधी घड्याळाची चाचणी घ्यावी. घड्याळ मनगटाच्या हाडापासून कोपराच्या दिशेने दोनेक बोटे वर, त्वचा दबेल पण दुखणार नाही इतके घट्ट बांधावे. सुरुवातीला दहा मिनिटे सावकाश शरीर गरम करावे, कारण थंड त्वचेवर पहिली काही मिनिटे आकडे हमखास भरकटतात. घड्याळात सायकलचा किंवा वजनांचा व्यायामप्रकार सुरू केलेलाच असावा. एरवी दिवसभर अनेक घड्याळे बॅटरी वाचवण्यासाठी अधूनमधूनच नाडी पाहतात. मग दहा मिनिटे एकाच जोराने सायकल चालवावी आणि त्यानंतर तीस सेकंद जोरात, नव्वद सेकंद हळू अशा पाच फेऱ्या माराव्यात. कोणाकडून छातीचा पट्टा उसना मिळाला आणि त्याची नोंद फोनवर घेतली, तर दोन आलेख शेजारी ठेवून पाहता येतात. स्थिर भागात चारपाच ठोक्यांपेक्षा जास्त तफावत सतत दिसली, तर पट्टा आणि जागा बदलून चाचणी पुन्हा घ्यावी. फेऱ्यांमध्ये शिखरे थोडी उशिरा आणि थोडी बुटकी येतील. पण ती दिसलीच नाहीत, किंवा आकडा पेडलच्या फेऱ्यांइतकाच, म्हणजे ऐंशी-नव्वदला, चिकटून बसला, तर घड्याळ नाडीऐवजी हालचाल मोजत आहे असे समजावे. छातीचा पट्टा न मिळाल्यास स्थिर भागात एकदा सायकल थांबवून मानेवरची नाडी लगेच पंधरा सेकंद मोजावी आणि चाराने गुणावे. अशा मोजणीत एक ठोका चुकला तरी चारांचा फरक पडतो, म्हणून तीनदा मोजल्याशिवाय घड्याळाला दोष देऊ नये. जिममध्ये हीच मोजणी सेट संपताक्षणी करावी, आणि तिथे मेळ बसला नाही पण सायकलवर बसला, तर घड्याळ ठेवून दंडावरचा सेन्सर तेवढा वेगळा घ्यावा.