कापडी विमानाला बाहेरच्या भिंतीचा रंग: बेळगाव भागातील हौशी बांधणाऱ्यांसाठी

स्वतः बांधलेल्या कापडी विमानाला घराच्या बाहेरच्या भिंतींसाठी मिळणारा अ‍ॅक्रिलिक रंग चालेल का, असे विचारणाऱ्याने आधी आपले कापड कोणते आहे ते पाहावे. सुती किंवा लिननच्या कापडाला ताण येतो तो डोपमुळे, म्हणजे विमानाच्या कापडावर लावतात त्या लॅकरसारख्या द्रवामुळे, कारण डोप सुकताना आकसतो आणि कापडाला आपल्याबरोबर ओढून घेतो. अ‍ॅक्रिलिक रंगात ही ताकद नसते, त्यामुळे सुती कापडावर तो लावल्यास पंख ढिलाच राहतो. विमानासाठीच विणलेले पॉलिएस्टर कापड मात्र इस्त्रीच्या उष्णतेने आकसते. ताण आधीच आलेला असल्याने रंगाकडे दोनच कामे उरतात, वीण बुजवणे आणि सूर्याची अतिनील किरणे अडवणे. ही दोन्ही कामे चांगला अ‍ॅक्रिलिक रंग करू शकतो, आणि नायट्रेट डोपसारखा भडकन पेट घेणारा पदार्थ शेडमध्ये साठवावा लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा आहे.

शहापूर, वडगाव भागात मागावर कापड विणणारे पुष्कळ असल्यामुळे पॉलिएस्टर तिथूनच घ्यावे, असा मोह होतो, तो आवरावा. बाजारातले कापड बहुधा आधीच उष्णता देऊन स्थिर केलेले असते, ते इस्त्रीखाली पुरेसे आकसत नाही आणि त्याच्या ताकदीची हमी कोणी देत नाही. पैसे रंगात वाचवावेत, कापडात नाही.

इस्त्रीचे काम तीन टप्प्यांत करावे: प्रथम सुमारे १२० अंश सेल्सिअसला, मग १५० ला आणि शेवटी १७५ ला. त्यापुढे गेल्यास कापड पुन्हा सैल होऊ लागते आणि तो ताण परत मिळत नाही. घरच्या इस्त्रीच्या चकतीवरील खुणांवर विसंबून राहू नये. उद्यमबागेतील एखाद्या ओळखीच्या कारखान्यातून टेकवून मोजणारा तापमापक मागून आणावा. लांबून मोजणारा इन्फ्रारेड तापमापक चकचकीत तळावर खरे तापमान दाखवत नाही. रिबला, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आतल्या फासळीला, कापड शिवणे, शिवणीवर पट्ट्या चिकटवणे, पाणी निचरण्याच्या छिद्रांच्या कड्या बसवणे ही सगळी कामे रंगाआधी पूर्ण झाली पाहिजेत.

रंग निवडताना डब्यावर शंभर टक्के अ‍ॅक्रिलिक आणि बाहेरच्या वापरासाठी, असे दोन्ही लिहिलेले असावे. डिस्टेंपर आणि स्वस्त इमल्शन यांत भरड पूड जास्त असते आणि लवचीकपणा कमी, त्यामुळे ते कापडावर टिकत नाहीत. गच्चीवर गळती थांबवण्यासाठी लावतात तो रबरासारखा जाड थर लवचीक असला तरी जड होतो आणि धूळ धरून ठेवतो. तेलाचा इनॅमल रंग सुरुवातीला देखणा दिसतो, पण वर्षे जातील तसा ठिसूळ होऊन तडकतो.

पहिला हात सर्वांत महत्त्वाचा आहे आणि घाईही नेमकी तिथेच होते. पॉलिएस्टरला अ‍ॅक्रिलिक रासायनिक रीतीने चिकटत नाही. रंग विणीतल्या धाग्यांना वेढून बसतो आणि त्या वेढ्यावरच पुढचे सगळे थर उभे असतात. म्हणून कापड आधी पुसून तेलाचे व हातांचे डाग काढावेत, रंगात डब्यावर सांगितलेल्या मर्यादेतच स्वच्छ पाणी मिसळावे आणि फोमच्या ब्रशने तो उभा-आडवा घासत विणीत मुरवावा. रंग पलीकडे झिरपून थेंब लोंबू लागले तर तो फार पातळ झाला आहे; वरच राहून सुकला तर पुढे पोपडे सुटतील. हा हात फवाऱ्याने देऊ नये.

हा पहिला हात काळ्या रंगाचा द्यावा. काळ्या रंगातील कार्बन प्रकाश अडवतो, आणि पारंपरिक पद्धतीत रुपेरी अ‍ॅल्युमिनियमचा थर जे काम करतो तेच इथे काळा थर करतो. परीक्षा सोपी आहे: अंधारात पंखाच्या आत दिवा धरून बाहेरून पाहावे आणि जिथे उजेड दिसेल तिथे आणखी एक हात द्यावा. वरून फिकट रंगच असावा, कारण आपल्या एप्रिलच्या उन्हात गडद पृष्ठभाग फार तापतो. मात्र काळ्यावर पांढरा झाकायला जास्त हात लागतात आणि प्रत्येक हाताबरोबर वजन वाढते, म्हणून मधे एक राखाडी हात दिलेला बरा.

वजनाचा अंदाज आधीच काढावा. एका लहान चौकटीवर तेच कापड ताणून प्रत्येक हातानंतर तिचे वजन करावे. समजा, चौरस मीटरला १५० ग्रॅम भरले आणि दोन्ही बाजू धरून २४ चौरस मीटर कापड असेल, तर ३.६ किलो वाढले. हेच वजन एलेरॉन, एलिव्हेटर किंवा रडर या विमानाची दिशा बदलणाऱ्या पंख-शेपटीवरील हलत्या भागांच्या बिजागरीच्या मागच्या बाजूला वाढले तर वेगात ते भाग थरथरू लागण्याचा, म्हणजे फ्लटरचा, धोका असतो. रंगानंतर या भागांचा तोल पुन्हा मोजल्याशिवाय विमान शेडबाहेर काढू नये; माझ्या मते या संपूर्ण कामात हीच गोष्ट सर्वांत गंभीर आहे. त्याच चौकटीवर पेट्रोलचे थेंब टाकूनही पाहावे. पेट्रोलने अ‍ॅक्रिलिक मऊ पडतो, त्यामुळे टाकीच्या तोंडाभोवती वेगळे संरक्षण लागते.

आपल्या भागात वेळ साधणे अवघड आहे. जांबोटी, खानापूरकडे पाऊस लांबतो आणि दमट हवेत रंगातले पाणी लवकर उडत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी असते, पण पहाटे दव पडते, म्हणून काम सकाळी उशिरा सुरू करून दुपारी उरकावे, म्हणजे संध्याकाळपर्यंत थर सुकतो. निपाणी, चिकोडी भागात याच काळात ऊसतोड असते आणि पाला जाळला की काजळी उडून ओल्या रंगावर बसते. खानापूरकडे जांभ्याची तांबडी धूळ तेच करते. शेड प्लास्टिकने बंद करावे, खालची जमीन ओली ठेवावी आणि उन्हात तापलेल्या कापडावर रंग लावू नये. रंग हाताला सुका लागला तरी पूर्ण पक्का व्हायला सुमारे महिना लागतो. तोवर त्यावर कव्हर बांधल्यास ते चिकटून बसते.

प्रमाणित विमानांना ही पद्धत लागू नाही. तिथे मान्यताप्राप्त साहित्यच वापरावे लागते. घरी बांधलेल्या विमानालाही उड्डाणापूर्वी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची नोंदणी आणि परवानगी लागतेच. कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव यांच्या धातूच्या विमानाला २०१७ मध्ये नोंदणी मिळाली, तीही काही वर्षांच्या पाठपुराव्यानंतर. म्हणून कापडाची पावती, रंगाचा प्रकार, प्रत्येक हाताची तारीख आणि वजन यांची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी आणि चाचणीची चौकट विमानाबरोबरच उन्हात ठेवावी, म्हणजे वर्षभरानंतर त्या चौकटीचे कापड फाडून त्याची ताकद तपासता येते आणि पंखाला हात लावावा लागत नाही.