गाडीवरचं चायनीज बाधलं तर काय करावं?

फ्राइड राइस खाल्ल्यावर दोन-तीन तासांत उलट्या सुरू झाल्या की आपण शेजवान चटणीच्या तिखटाला बोल लावतो. आधी संशय घ्यावा भाताचा. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजवला तरी मरत नाहीत. दुपारी शिजवलेला भात टोपात तसाच पडून राहिला की जिवाणू वाढतात, विष तयार होतं आणि रात्री कढईतल्या भडक जाळावरही ते विष टिकतं. म्हणून ‘गरमागरम आहे, काही होत नाही’ यावर विसंबू नका.

१. आधी पाणी. उलटी झाली की दहा मिनिटं थांबा, मग ओआरएस (पुडीतली जलसंजीवनी पाण्यात कालवून) चमच्याचमच्याने द्या. घटाघटा प्यायलं की पुन्हा उलटी होते. पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात अख्खी पुडी घाला. अर्धी पुडी अंदाजाने कालवू नका. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ. मोजून घ्या, कारण जास्त मीठ लहान मुलांना घातक ठरतं. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते ओतून टाका आणि नव्याने करा. कोल्ड्रिंक देऊ नका, त्यातल्या साखरेने जुलाब वाढतात.

२. जुलाब थांबवायची गोळी किंवा घरात उरलेलं अँटिबायोटिक मनाने घेऊ नका. भूक लागली की पेज, ताकभात खा. बाळाचं अंगावरचं दूध चालू ठेवा.

३. शौचातून रक्त, जोराचा ताप, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, माणूस ग्लानीत आहे किंवा पोटात काहीच ठरत नाही: यातलं एकही दिसलं तर थेट दवाखाना गाठा. तान्ही बाळं, गरोदर बायका, म्हातारी माणसं यांच्या बाबतीत इतकी वाटही पाहू नका.

४. बरं वाटलं की तक्रार कराच. उरलेलं पार्सल झाकून फ्रिजमध्ये ठेवा, बिलाचा किंवा यूपीआयचा स्क्रीनशॉट घ्या, खाल्ल्याची आणि त्रास सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा. एफएसएसएआय या केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचं ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ हे ॲप मोफत आहे. टोल-फ्री क्रमांक 1800112100. दुकानात 14 आकडी परवाना क्रमांक लावलेला असेल तर तोही कळवा. एकाच ठिकाणी खाल्लेले अनेकजण आजारी पडले असतील, तर पालिकेच्या किंवा गावच्या आरोग्य केंद्रालाही त्याच दिवशी सांगा.